हूडाची सुरगाठ

रिक्षात बसलेला माणूस डोक्यावर काय आहे ते कधी बघत नाही. पाऊस आत आला की मगच तो मान वर करतो. आमचा धंदा त्या मान वर करण्यावर चालतो. मालवणहून कणकवलीकडे निघालात की कुंभारमाठच्या चढावर पत्र्याचं एक दुकान लागतं, बाहेर फाटक्या सीटा आणि रेक्झिनच्या गुंडाळ्या उभ्या केलेल्या असतात, ते आमचं. रिक्षाचे हूड, जीपचे हूड, मोटारसायकलच्या सीटा, टेम्पोची ताडपत्री, हे सगळं आम्ही शिवतो. आम्ही म्हणजे बाबा आणि मी. दहावीच्या सुट्टीत मी मशीनवर बसले ती अजून उठलेली नाही. मध्येच सकाळच्या एसटीने कणकवलीला कॉलेजात जायला लागले, एवढाच फरक. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे कॉलेजात काय करतात ते घरी सांगता येत नाही आणि हूड कसा बसवतात ते कॉलेजात सांगता येत नाही. दोन्हीकडे मी बहुतेक वेळ गप्पच असते. इथे निदान हूडाचं सांगून बघते.

आमचे आजोबा होड्यांची शिडं शिवायचे. बाबाही आधी होडीवर होते आणि रिकाम्या वेळात शिडं शिवायचे. होड्यांना इंजिनं लागली आणि शिडं गेली. मोठं दाभण, मेण लावलेला दोरा, तळहातावर बांधायचा चामड्याचा पट्टा, हे सगळं घेऊन बाबा किनाऱ्यावरून इथे चढावर आले. आई अजून बाजारात मासळी घेऊन बसते. तिच्या मते बाबांनी समुद्र सोडला तो केवळ गाड्यांना वास येत नाही म्हणून.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची येतात. एका रिक्षावाल्याने हूडाला मागे खिडकी नको म्हणून हट्ट धरला, का तर मागचे लोक बघतात. दुसऱ्याला इतक्या खिडक्या हव्या होत्या की हूडाला कापडच उरेना. एका जीपवाल्याने जुना हूड आणला त्यात मांजरी व्यायली होती. तो म्हणाला, पिल्लं मोठी होईपर्यंत थांबा, मग माप घ्या. आम्ही थांबलो. पण हे सगळे शिवणकामाचे किस्से. ज्या गाडीबद्दल मला लिहायचं आहे तिथे शिवणकाम सगळ्यात शेवटी आलं.

मी एफवायला होते. मार्चचा शेवट चालू होता. आमच्या धंद्यात पावसाआधीचे हे दिवस म्हणजे वर्षाची कमाई. सगळ्या रिक्षा एकदम आठवण झाल्यासारख्या येतात. माझी वार्षिक परीक्षाही त्याच दिवसांत असते. मी मशीनच्या शेजारी वही उघडून ठेवायची आणि शिवण संपली की एक ओळ वाचायची. अशा गडबडीत एका दुपारी मसुऱ्याचे भाऊ परब आपली गाडी घेऊन आले.

भाऊ परब म्हणजे काजू-आंब्याच्या बागा असलेले शेतकरी. पण त्यांना लोक ओळखतात ते गाडीमुळे. लांब नाकाची, दोन दारांची, वरचं छप्पर मागे दुमडता येणारी इंग्रजी बनावटीची जुनी गाडी. त्यांच्या वडलांनी ती पोर्तुगीज गेल्यानंतर गोव्यातून आणली. भाऊ तिला झाडाखाली कधीच उभी करत नसत. एकदाच, लग्नाच्या मांडवात जागा नव्हती म्हणून, माडाखाली लावली आणि हूडावर नारळ पडला.

ते सांगताना भाऊंच्या चेहऱ्यावर असं काही होतं की आम्ही हसलो नाही. कापड फाटलं होतंच, पण आतली एक कमान वाकली होती आणि हूड आता धड मिटतही नव्हता, धड उघडतही नव्हता.

ज्यांनी असा हूड पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. छत्री आडवी धरली आणि तिला दांड्याऐवजी दोन्ही बाजूंना पाय दिले, तर जे होईल तसं काहीसं ते असतं. वर आडव्या कमानी. दोन्ही बाजूंना पट्ट्यांचे हात, एकमेकांना बिजागरीने जोडलेले. कोपरात हात मोडावा तसे ते मोडतात आणि सगळं मागच्या सीटमागे जाऊन बसतं. या सगळ्याला आम्ही सांगाडा म्हणतो. तो गाडीला दोन्ही बाजूंनी बोल्टांनी धरलेला असतो, आणि बोल्टांच्या मागे वॉशर असतात, कुठे एक, कुठे दोन, कुठे पातळ, कुठे जाड. कारण जुन्या गाडीच्या दोन बाजू कधीच सारख्या नसतात. वॉशर इकडचे तिकडे झाले तर हूड वाकडा बसतो आणि काच वर येत नाही. म्हणून सांगाडा सोडवताना मी प्रत्येक बोल्टाला त्याचे वॉशर अडकवून रंगीत दोऱ्याने बांधून ठेवले. डावीकडचे लाल, उजवीकडचे हिरवे. बाबांनी हे बघून फक्त एवढंच म्हटलं की, दोरा फुकट जाता.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. असा हूड जड असतो. तो उचलताना माणसाला मदत व्हावी म्हणून सांगाड्यात दोन्ही बाजूंना दणकट स्प्रिंगा असतात. कापड, अस्तर, मागची काच असं सगळं वजन अंगावर असेपर्यंत त्या स्प्रिंगा शहाण्यासारख्या वागतात. कापड काढलं की वजन गेलं, पण स्प्रिंगांचा जोर तेवढाच राहतो. मग मिटलेला सांगाडा सारखा उघडायला बघतो. म्हणून तो मिटवून दोराने घट्ट बांधायचा आणि बांधलेलाच काढायचा, बांधलेलाच बसवायचा. हे बाबांना चांगलं माहीत होतं. त्यांनी तसाच बांधला.

सांगाडा काढायला काही त्रास झाला नाही. शेजारी नंदूचं वेल्डिंगचं दुकान आहे. त्याने वाकलेली कमान तापवून सरळ करून दिली. मी गंज खरवडला, रंग दिला. बिजागऱ्यांत तेल सोडलं. सगळं वाळल्यावर बाबा, नंदू आणि मी मिळून सांगाडा परत मिटवला आणि बाबांनी तो दोराने बांधला. दुसऱ्या दिवशी सकाळी बसवायचा ठरलं. रविवार होता, म्हणून मी घरी होते. उचलायला एक माणूस कमी पडत होता, तेव्हा बाबांनी किनाऱ्यावर निरोप पाठवून पांडूकाकांना बोलावलं.

पांडूकाका म्हणजे बाबांचे होडीवरचे जोडीदार. दोघं एकाच होडीवर वाढले. बाबा इकडे आले, ते तिकडेच राहिले. आमच्याकडे काही जड उचलायचं असलं की ते येतात, चहा पितात आणि बाबांना चिडवतात, की मेल्या तू शिवणारो बायलमाणूस झालस. त्या दिवशीही असंच चिडवून झालं. भाऊ परबही मसुऱ्याहून आले होते, पांढरा शर्ट घालून, देवदर्शनाला आल्यासारखे.

आम्ही सांगाडा उचलला. मी डाव्या बाजूला, बाबा उजव्या बाजूला, पांडूकाका मागे मध्यावर. हळूहळू तो गाडीच्या मागच्या खाचेत उतरवला. माझ्या बाजूची भोकं जुळली, मी लाल दोऱ्याचे बोल्ट घालून आवळले. बाबांच्या बाजूला भोक जरा खाली येत होतं. त्यांनी बोटं आत घालून वॉशर जागेवर धरले आणि दुसऱ्या हाताने बोल्ट शोधू लागले.

सांगाडा आता गाडीवर टेकला होता. आणि पांडूकाकांनी दोराचं टोक ओढलं.

मला आजही वाटतं की त्यांनी ते ओढलं असं म्हणणंसुद्धा बरोबर नाही. होडीवर कुठलीही गाठ अशीच मारतात की टोक ओढलं की सगळी सुटली पाहिजे. सुरगाठ. वारा फिरला, जाळं अडकलं, तर गाठ सोडत बसायला वेळ नसतो. बाबांनी सांगाडा बांधला तो त्याच गाठीने. त्यांना दुसरी सुचलीच नसणार. आणि होडीवर ओझं जागेवर टेकलं की दोरापाशी जो असेल त्याने दोर मोकळा करायचा असतो, कोणी सांगायची वाट बघायची नसते. पांडूकाका मागे उभे होते. ओझं टेकलं. टोक त्यांच्या पोटाशी लोंबत होतं. एवढंच.

आवाज मोठा नव्हता. मोठं पुस्तक आपटून मिटावं तसा. सांगाडा अर्धा उघडून थांबला, कारण एका बाजूला माझे बोल्ट होते आणि दुसऱ्या बाजूला बाबांची बोटं होती.

बाबा ओरडले नाहीत. त्यांनी नुसतं "हां" म्हटलं, कुणी हाक मारल्यावर म्हणावं तसं. मी त्यांच्याकडे बघितलं तर त्यांचा उजवा हात मनगटापर्यंत दिसत होता आणि पुढे दिसत नव्हता. मला काय झालं ते कळायला वेळ लागला. इतका वेळ लागला की माझ्या हातातला पाना मी जमिनीवर नीट ठेवला, पडू नये म्हणून. हे मला नंतर पुष्कळ दिवस आठवत राहिलं.

पांडूकाकांनी धावत येऊन कमान खाली दाबली. तसा बाबांचा चेहरा पांढरा झाला. डावी बाजू बोल्टांनी धरलेली आणि उजवी मोकळी, त्यामुळे सांगाडा दाबला की तो मिटायच्या ऐवजी पिळत होता आणि पीळ सगळा बाबांच्या बोटांवर जात होता. भाऊ ओरडले, दाबू नका. पांडूकाकांनी हात काढले आणि ते मागे सरकत सरकत भिंतीला जाऊन टेकले.

आवाज ऐकून नंदू आला. बघताच परत गेला आणि लोखंड कापायचा ग्राइंडर घेऊन आला. त्याने आमच्याच बोर्डाला वायर लावली. बाबा म्हणाले, "भाऊ, कापू नकात."

भाऊ म्हणाले, "नंदू, काप. गाडी माझी आसा, मी सांगतंय."

"कापू नकात. ह्यो सांगाडो परत खंय मेळतलो?"

"आणि हात खंय मेळतलो?"

"हाड जुळता, भाऊ. ह्यो सांधो बिडाचो आसा. ह्यो कापलास तर जुळाचो नाय."

ते खरं होतं. त्या ठिकाणचा सांधा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा होता आणि बिडाला वेल्डिंग धड धरत नाही, हे नंदूलाही ठाऊक होतं. पण मला ते खरं असणं सहन झालं नाही. तो उजवा हात म्हणजे आमचं घर होतं. दाभण त्याच हातात असायचं. त्या हाताला काही झालं तर दुकान मी चालवणार, म्हणजे कॉलेज सुटणार, हे मला त्या क्षणी सरळ दिसलं. बाबांना ते दिसत नव्हतं का? एका परक्या माणसाच्या गाडीतल्या लोखंडासाठी ते आपला हात तसाच धरून उभे होते. मला धक्का बसला तो त्याचा. सांगाड्याने दिला त्यापेक्षा तो मोठा होता.

नंदू ग्राइंडर घेऊन दोघांच्या तोंडांकडे बघत उभा होता. कोणीच पुढे होईना. तेव्हा मला दिसलं की पीळ पडतो आहे तो माझ्या बाजूमुळे. काल जमिनीवर हाच सांगाडा आम्ही तिघांनी मिटवला होता, कारण तेव्हा तो कुठेच धरलेला नव्हता. माझे बोल्ट काढले तर तो दोन्हीकडे मोकळा होईल आणि सरळ मिटेल. फक्त बोल्ट निघताना वजन बाबांच्या हातावर येता कामा नये.

मी हे मोठ्याने बोलले असावे, कारण बाबा म्हणाले की नको, आधी अमुक बाजूला जॅक लाव. मी म्हणाले, "बाबा, तुमी गप ऱ्हवा."

मी त्यांना तसं कधी बोलले नव्हते. ते खरंच गप्प झाले.

नंदूने ग्राइंडर खाली ठेवला आणि बाबांच्या बाजूला जाऊन सांगाड्याचा हात धरला. भाऊ माझ्या बाजूला येऊन खांदा लावून उभे राहिले. मागे माणूस हवा होता. मी पांडूकाकांना हाक मारली. ते भिंतीपासून हलेनात. मान हलवून नको नको म्हणत होते. मी म्हणाले, काका, तुम्ही आला नाहीत तर सुटायचं नाही. मग ते आले. मी बोल्ट सैल केले, पहिला काढला, दुसरा काढला. वजन तिघांनी झेललं. मी "आता!" म्हटलं आणि तिघांनी सांगाडा एकदम मिटवला.

बाबांनी हात आपला आपणच बाहेर काढला. डाव्या हाताने तो छातीशी धरला. मग खाली बघून म्हणाले, "वॉशर पडले बघ."

सांगाडा खाली उतरवून भाऊंनी त्याच उघड्या गाडीतून, मागे नुसती खाच असलेल्या, त्यांना मालवणच्या दवाखान्यात नेलं. पांढऱ्या शर्टाचं काय झालं ते लिहीत नाही. तिथून बाबांना गोव्यात बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. बोटं राहिली. हाडं जुळतील असं डॉक्टर म्हणाले, म्हणजे बाबांचं ते म्हणणं खरं ठरलं. पण दोन बोटांची टोकं बधिर झाली ती कायमची. दाभणाला ज्या दोन बोटांनी धरायचं तीच.

बाबा गोव्यात असताना मी दुकान उघडत होते. रिक्षांची रांग लागलेली होती. मी सकाळपासून शिवत होते आणि कॉलेजात जात नव्हते. वही मी फळीवर ठेवून दिली. परीक्षेला बसायचं नाही हे मी ठरवलं होतं, पण कोणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. आमच्याकडे शिकण्याचा शेवट असाच होतो, कोणी ठरवत नाही.

पांडूकाका रोज येत. दुकानाच्या कोपऱ्यात बसत. चहा दिला तर घेत नसत. एकदाच बोलले. म्हणाले, "माका कळाकच नाय गो. हातान ओढल्यान, मी नाय." मला त्यांचा राग यायला हवा होता आणि येत नव्हता. राग बाबांचा येत होता.

बाबा परत आले ते हात गळ्यात बांधून. आल्या आल्या त्यांनी गाडी बघितली. भाऊंनी ती दवाखान्यातून परत आणून लावली होती, ती तशीच उघडी उभी होती आणि दुकानाची अर्धी जागा अडवून बसली होती. सांगाडा जमिनीवर, नंदूने मजबूत तारेने आवळून ठेवलेला. बाबा म्हणाले, बसवून टाकूया. मला वाटलं होतं त्या लोखंडाकडे त्यांना बघवणार नाही.

तार गाडीच्या रंगाला ओरखडे पाडील म्हणून ती काढून दोर बांधायचा होता. नंदूने, मी आणि एका हाताने बाबांनी सांगाडा दाबून धरला आणि बाबांना बांधता येत नव्हतं म्हणून पांडूकाकांनी बांधला. मग आम्ही सगळे जरा मागे झालो. मी दोराकडे बघितलं. तीच गाठ. टोक खाली लोंबत होतं.

पांडूकाकांनी आमच्या तोंडांकडे बघितलं, मग आपल्या हातांकडे, मग गाठीकडे. त्यांनाही आत्ताच दिसली. ते मटकन खाली बसले.

"माझे हात माझा आयकनत नाय," ते म्हणाले. "हातांका दुसरी गाठ येतच नाय रे."

बाबा हसले. अपघातानंतर पहिल्यांदा. म्हणाले, "माका तरी खंय येता?"

खरी गंमत अशी की निरगाठ कोणालाही मारता येते. लहान मुलंही मारतात. पण त्या दोघांपैकी एकालाही ती मारवत नव्हती, दोर सुटणार नाही अशी गाठ मारायची म्हणजे त्यांच्या अंगाला काहीतरी चुकल्यासारखं होत होतं. शेवटी मी दाभण घेतलं, मेणाचा दोरा ओवला आणि ती सुरगाठ होती तिथेच, आरपार टाके घालून, शिवून टाकली. टोकही दोरावर शिवलं. पांडूकाका जवळ येऊन बघून गेले आणि म्हणाले की आता ही वादळान पण सुटाची नाय.

या वेळी बाबांच्या बाजूचे हिरव्या दोऱ्याचे बोल्ट मी घातले. माझ्या बाजूला नंदू. पांडूकाका मागे, पण दोन्ही हात कमानीवर, आणि बाबा त्यांच्या शेजारी उभे राहून नुसते त्यांच्या हातांवर नजर ठेवून. सगळे बोल्ट आवळून झाले तरी मी आणखी एकदा फिरून बघितले. मग दोर ब्लेडने कापला. पांडूकाकांनी तेवढ्यापुरती मान वळवली. होडीवरची माणसं दोर कापत नाहीत. सांगाडा हळूच वर आला, सरळ, आणि काचेच्या चौकटीवर जाऊन असा टेकला की जणू मध्ये काही झालंच नव्हतं. पुढचं कापडाचं काम माझं होतं. ते मी केलं. भाऊ गाडी न्यायला आले तेव्हा त्यांनी हूड एकदा उघडला, एकदा मिटला आणि बाबांच्या बांधलेल्या हाताकडे बघितलं. मग मला म्हणाले, "चेडवा, बरा काम केलंस." आणि गेले.

ते गेल्यावर मला राहवलं नाही. मी बाबांना विचारलं की त्या दिवशी तुम्ही कापू का दिलं नाहीत. लोखंड एवढं मोठं होतं का?

बाबांनी आधी शेजारी बघितलं. नंदूचं दुकान बंद झालं होतं. तरी त्यांनी आवाज खाली आणला.

"नंदूचे हात बघितलंस? ग्राइंडर थरथरत होतो तेच्या हातात. माझ्या बोटांपासून इतको." त्यांनी डाव्या हाताने दाखवलं. "तां चारचौघांत कसा सांगू? तेचो धंदो आसा तो."

मी इतके दिवस मनात धरून ठेवलेला राग कुठे ठेवू ते मला कळेना. नंदू घाबरला आहे हे त्यांना त्या अवस्थेत दिसलं होतं, आणि ते न बोलता त्यांनी बिडाच्या सांध्याचं कारण पुढे केलं होतं. मला ते दिसलं नव्हतं. मी हातच बघत होते. अर्थात सांध्याचं म्हणत होते तेही मनापासून म्हणत होते, हे मला अजून वाटतं. दोन्ही खरं असेल.

मग त्यांनी विचारलं, पेपर कधी आहे. मी म्हणाले, मी बसत नाही. का? मी त्यांच्या हाताकडे बघितलं आणि बाहेरच्या रिक्षांकडे बघितलं. ते उठून आत गेले. मला वाटलं पटलं.

पेपराच्या दिवशी सकाळी त्यांनी मला उठवलं. माझी पिशवी त्यांच्या डाव्या हातात होती. एसटीच्या थांब्यापर्यंत ते माझ्याबरोबर चालत आले. वाटेत दोन रिक्षावाल्यांनी विचारलं की दुकान कधी उघडणार, त्यांना ते म्हणाले, बघूया. मला वाटलं ते परत जाऊन उघडतील आणि एका हाताने काहीतरी करत बसतील. पेपर लिहिताना मला तेच दिसत होतं.

दुपारी परतीच्या एसटीतून चढावर उतरले आणि जागीच थांबले. दुकान बंद होतं. पावसाआधीच्या दिवसांत, भर दुपारी, कुलूप. बाहेर रिक्षांची रांग खाली वळणापर्यंत गेली होती आणि रिक्षावाले फणसाखाली बसले होते. बाबा पायरीवर होते. नंतर पांडूकाकांनी सांगितलं की सकाळपासून येईल त्याला बाबा एकच गोष्ट सांगत होते. कोणी वैतागून विचारलं की दुकान बंद म्हणजे कोण मेला काय, तर म्हणाले, कोण मरूक नाय, पोरगी पेपराक गेली हा, एस्टी येतली तेवा उघडतलंय. एक-दोघं निघून गेले. बाकीचे थांबले.

मी रस्ता ओलांडून आले. मला वाटलं आता ओरडा खायचा. सगळ्यात पुढचा रिक्षावाला उठला. त्याचा हूड मी बघितला होता, मागून पूर्ण उसवलेला.

"पेपर कसो गेलो गो?" त्याने विचारलं.

मी म्हणाले, बरा गेला, एक प्रश्न राहिला.

"एकच मा? आमका अख्खो पेपर ऱ्हवायचो," मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

बाबांनी किल्ली माझ्याकडे दिली. कुलूप त्यांना एका हाताने निघत नव्हतं. मी दार सरकवलं, पिशवी फळीवर टाकली आणि मशीनवरचं फडकं काढलं. पहिली रिक्षा आत येत होती. बाहेर एक टेम्पोवाला थांबून ताडपत्रीचं विचारत होता आणि बाबा त्याला सांगत होते, "उद्या पण दुपारीच ये. उद्या तिचो इतिहास आसा."